शिबिरातील उपासना प्रथमच चालवणाऱ्या युवक-युवतींसाठी

मे महिन्यात धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांची शिबिरे भरतात, तेव्हा सकाळची किंवा संध्याकाळची उपासना आता अनेक ठिकाणी युवकांच्या हाती दिली जाते. पाळकसाहेब एखाद्या गटाला सांगतात, “परवाची सकाळ तुमची,” आणि ज्यांनी आजवर फक्त सतरंजीवर बसून गीते म्हटली, त्यांना एकदम सर्वांसमोर उभे राहावे लागते. हा लेख त्या सोळा ते बावीस वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. शिबिरांत अशा गटांची तयारी करून घेण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे आणि माझ्या हातून झालेल्या चुका तुमच्या हातून होऊ नयेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तयारीसाठी एक वही करावी आणि तिच्या पहिल्या पानावर करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 14 व्या अध्यायातील 16 वे वचन लिहावे. तेथे पौल विचारतो की, तू काय बोलतोस हे ज्याला समजतच नाही, तो तुझ्या उपकारस्तुतीला ‘आमेन’ कसे म्हणणार? पुढचा प्रत्येक निर्णय, मग तो गीताचा असो, पट्टीचा (म्हणजे कोणत्या सुरापासून गायचे याचा) असो किंवा प्रार्थनेतील एखाद्या शब्दाचा असो, याच प्रश्नावर घासून पाहावा. सर्वांत मागच्या ओळीत, भिंतीला टेकून बसलेले लाजरे मूल समजून-उमजून ‘आमेन’ म्हणू शकेल का, एवढेच विचारावे.

पहिली पायरी: कोण येणार आहे याची माहिती

किमान पंधरा दिवस आधी शिबिराच्या आयोजकांकडून मुलांची वये आणि गावे विचारून घ्यावीत. खान्देशात या माहितीला फार महत्त्व आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडून येणारे मूल घरी पावरी किंवा भिली बोलते, नवापूर-चिंचपाड्याकडचे मावची किंवा कोकणा समाजाची कोकणी बोलते, अमळनेर-पारोळा-साक्री भागातल्या मुलाची घरची बोली अहिराणी असते, आणि भुसावळच्या रेल्वे वसाहतीतले मूल मोबाइलवर हिंदी गीते ऐकत मोठे झालेले असते. या सर्वांना शाळेची मराठी येते. परंतु ‘उपकारस्मरण’, ‘सनातन’, ‘मध्यस्थी’, ‘पापक्षालन’ ही आपल्या उपासनेची मराठी त्यांच्यापैकी अनेकांसाठी आणखी एक वेगळी भाषा असते. ते शब्द टाळावेत असे मी म्हणत नाही, कारण ते आपल्या मंडळीचे धन आहे. मात्र एका उपासनेत असा एखादाच शब्द उचलावा आणि तो घरच्या भाषेत उलगडून सांगावा.

याच वेळी पाळकसाहेबांना भेटून चार गोष्टी ठरवून घ्याव्यात: उपासनेची वेळ, संदेशासाठी घेतलेला शास्त्रभाग, एकूण किती मिनिटे मिळणार, आणि कोणते भाग तुम्ही करायचे नाहीत. अनेक मंडळ्यांत शेवटचा आशीर्वाद दीक्षित पाळकच देतात, प्रभुभोजनाचा विधीही त्यांच्याकडेच असतो. शिबिरात वेगवेगळ्या मंडळ्यांतील मुले एकत्र येत असल्याने याबाबत अंदाजाने वागू नये. वेळ ठरवताना उन्हाचा विचार आधी करावा. पारा 42-44 अंशांवर जाणाऱ्या महिन्यात सकाळी साडेसहा आणि सूर्यास्तानंतर साडेसात या दोनच वेळा मुलांच्या अंगाला मानवतात. दुपारच्या पत्र्याखाली भरवलेल्या उपासनेत मुलांचे सगळे लक्ष पाण्याच्या माठाकडे असते. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात तो उघड्यावर वाजवण्यास कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे. शिबिराच्या तारखा अजून ठरायच्या असतील, तर आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लग्नांच्या दाट तिथी टाळण्याची विनंती तुम्हीच करावी, कारण त्या दिवसांत माहेरवाशिणी आणि पाहुणे यांनी घरे भरलेली असतात आणि गावाकडची मुले सहसा निघू शकत नाहीत.

दुसरी पायरी: गट आणि कामे

सात जणांचा गट पुरेसा होतो. एक जण सूत्रसंचालन करील, एक गीत उचलील, एक पेटीवर बसेल, एक तबला किंवा ढोलक वाजवील, एक शास्त्रवाचन करील आणि एक प्रार्थना करील. पहिल्या खेपेस एकाकडे दोन कामे देऊ नयेत. ज्याला गाता येते त्याच्याकडेच सगळे सोपवण्याचा मोह होतो, आणि मग बाकीचे नुसते शोभेला उभे राहतात.

या कामांशिवाय मी नेहमी एक काम वाढवतो: गटातील एकाने मागच्या ओळीत मुलांमध्ये बसावे. पुढचा आवाज ऐकू आला नाही तर त्याने उजवा हात वर करावा. लय फार पळू लागली तर तळहात खाली दाबल्यासारखा करावा. मुलांना शब्द सापडत नसतील तर स्वतः मोठ्याने म्हणू लागावे. बाहेरून हे काम क्षुल्लक दिसते, तरी मी ते गटातील सर्वांत समजूतदार व्यक्तीकडे देतो.

तिसरी पायरी: आधी वचन, मग गीते

नवखे गट प्रथम आवडीची गीते निवडतात आणि त्यांना जुळेल असे वचन नंतर शोधतात. क्रम उलटा असावा. शास्त्रभाग प्रथम दोन-तीनदा वाचावा, त्यात देव काय करतो हे एका वाक्यात वहीत लिहावे आणि त्या वाक्याला साथ देणारी गीते घ्यावीत.

पहिल्यांदाच उपासना चालवणाऱ्यांना मी स्तोत्र 136 सुचवतो. त्यात 26 वचने आहेत आणि प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध एकच आहे: “त्याची दया सनातन आहे.” वाचणाऱ्याने पूर्वार्ध म्हणावा आणि सर्वांनी उत्तरार्ध म्हणावा, ज्याला वाचता येत नाही तेही मूल दुसऱ्या वचनापासून सामील होते. आरंभी ‘सनातन’ म्हणजे कधीच न सरणारी, एवढे सांगावे. लहान मुले जास्त असतील तर 1 ते 9 आणि 23 ते 26 एवढीच वचने घ्यावीत; मधल्या भागातील मिसर देश आणि सीहोन व ओग हे राजे यांचा इतिहास समजावून सांगितल्याशिवाय वाचण्यात अर्थ नाही, आणि तो समजावण्यास उपासनेत वेळ मिळत नाही. आदल्या दुपारी चार-पाच मुलांना जवळ बसवून त्यांच्याच आयुष्यातील ओळी रचून घ्याव्यात. एका शिबिरात मुलांनी रचलेल्या ओळींत तापीचे पाणी आले, आजीने रस्त्यासाठी बांधून दिलेली कळण्याची भाकरी आली, आणि ऊसतोडीला गुजरातेत गेलेले आईबाप सुखरूप परतले हेही आले, प्रत्येक ओळीनंतर सगळे शिबिर म्हणत होते, “त्याची दया सनातन आहे.” त्या सकाळी संदेश देणाऱ्या पाळकांनी आपला अर्धा संदेश बाजूला ठेवला आणि मुलांच्या ओळींवरच ते बोलले.

वाचनाचा सराव गीताइतकाच करावा. पौल तीमथ्याला लिहितो की, तू तरुण आहेस म्हणून कोणी तुला तुच्छ मानू नये, आणि लगेच पुढच्याच वचनात वाचनाकडे लक्ष देण्यास सांगतो. वाचणाऱ्याने पुस्तक, अध्याय आणि वचन सांगून थांबावे, मुलांना पाने उलटू द्यावीत, मनातल्या मनात पाच आकडे मोजावेत आणि मग आरंभ करावा.

चौथी पायरी: गीते, पट्टी आणि ठेका

पंचेचाळीस मिनिटांच्या उपासनेला चार गीते पुरतात. मी पहिल्यांदा पुढे उभा राहिलो तेव्हा सात गीते निवडली होती, त्यांतील तीन नवीन होती आणि सगळी माझ्या स्वतःच्या गळ्याला शोभतील अशा उंच पट्टीत होती. तिसऱ्या गीताच्या दुसऱ्या कडव्यापर्यंत मुलांचे आवाज एकेक करून गळून गेले आणि आम्ही तिघेच गात राहिलो. मुले शांतपणे आमच्याकडे पाहत होती, आणि मला ते मन लावून ऐकणे वाटले. उपासना संपल्यावर एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, “दादा, आम्ही कधी म्हणायचं?” तो प्रश्न आजही माझ्या कानात आहे.

म्हणून चारपैकी दोन गीते बहुतेकांना येणारी असावीत, एक भजन असावे आणि फार तर एक नवे असावे. नवे गीत उपासनेत शिकवू नये. आदल्या दिवशी जेवणाच्या आधी किंवा खेळाच्या सुटीत त्याचे ध्रुपद तीन-चार वेळा म्हणून घ्यावे. भजनाचा आग्रह मी मुद्दाम धरतो. नारायण वामन टिळक (1861-1919) यांनी मराठी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचे आणि भजनाचे वळण दिले, आणि ते आपल्या मातीत रुजले याचे कारण त्याच्या रचनेतच आहे: एकाने ओळ म्हणावी आणि सर्वांनी ती उचलावी. वही नाही, पडदा नाही, वीज नाही तरी भजन अडत नाही. जलद हिंदी गीतांची आवड असलेल्या मुलांनाही झांजा हातात दिल्यावर भजनात रंग चढतो, असा माझा अनुभव आहे.

पट्टीविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण बहुतेक उपासना येथेच बिघडतात. गीताचा सर्वांत उंच सूर कोठे लागतो हे प्रथम शोधावे. तो सहसा अंतऱ्यात असतो. गीत षड्जापासून (सा) वरच्या षड्जापर्यंतच जात असेल, तर पेटीवरील पांढरी एक किंवा काळी एक या पट्टीत मुलेमुली एकत्र म्हणू शकतात. अंतरा वरच्या गंधारापर्यंत (ग) चढत असेल, तर तेच गीत खालच्या काळी पाचवर घ्यावे. यानंतर परीक्षा घ्यावी: बारा वर्षांची एक मुलगी आणि आवाज फुटू लागलेला चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा यांना ती सर्वांत उंच ओळ म्हणायला सांगावी. मान वर उचलली जात असेल, गळ्याच्या शिरा ताणत असतील, तर पट्टी अर्धा सूर खाली आणावी. सकाळी आवाज जड असतो, त्यामुळे सकाळच्या गीतांना रात्रीपेक्षा अर्धा सूर खालीच बरा. गीत उचलणाऱ्याच्या गळ्याला ही पट्टी शोभली नाही तरी चालेल. ठरलेली पट्टी वहीत गीतापुढे लिहावी, म्हणजे ऐन वेळी पेटीवर शोधाशोध होत नाही.

पेटी वाजवणाऱ्याने ध्रुपदाची ओळ एकदा पूर्ण वाजवावी, मग षड्ज एका श्वासापुरता धरून ठेवावा आणि त्यानंतर गीत उचलणाऱ्याने आरंभ करावा. तबला पहिल्या ध्रुपदाला थांबावा आणि दुसऱ्यांदा यावा. तेवढ्यात मुलांना शब्द सापडतात. केरवा आणि दादरा एवढे दोन ठेके स्वच्छ येत असले तरी शिबिर पार पडते. टाळ्या सुरू झाल्या की लय हळूहळू पळू लागते, म्हणून तबलजीने गाणाऱ्यांच्या ओठांकडे पाहत वाजवावे.

वाद्यांनाही ऊन लागते. कोरड्या, तापलेल्या हवेत तबल्याचे कातडे ताणले जाते आणि सूर चढतो. सावलीत लावलेला तबला दुपारभर पत्र्याच्या खोलीत राहिला तर संध्याकाळी तो पेटीशी जुळत नाही. वाद्ये गोधडीत गुंडाळून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावीत, उपासनेच्या अर्धा तास आधी जागेवर आणावीत आणि तेथेच सुरात लावावीत. कीबोर्ड असेल तर वापरावा, पण संपूर्ण सराव एकदा विजेशिवायही करून ठेवावा. गीतांचे शब्द मोठ्या कागदावर जाड काळ्या पेनाने लिहून टांगावेत, आणि शेवटच्या ओळीतून ते वाचता येतात की नाही हे स्वतः तेथे बसून पाहावे.

पाचवी पायरी: प्रार्थना

नवखा मनुष्य प्रार्थनेत दोन प्रकारे अडखळतो. एक तर त्याला शब्द सुचत नाहीत, किंवा मोठ्यांच्या प्रार्थनांतले ऐकलेले शब्द तो एकामागून एक म्हणत जातो आणि दर वाक्याला “हे दयाळू पित्या परमेश्वरा” म्हणून दम घेतो. दोन्हींवर उपाय एकच आहे: प्रार्थना आधी लिहून काढावी. लिहिलेली प्रार्थना आत्म्याविरहित असते असे काही जण मानतात. मला ते पटत नाही, कारण स्तोत्रसंहितेतील प्रार्थनाही आपल्यापर्यंत लिहिलेल्याच आल्या आहेत.

मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करावयाच्या, प्रार्थनेसाठी आदल्या रात्री मुलांमध्ये फिरून विषय विचारावेत. दहावीच्या निकालाची वाट पाहणारे कोणी असते, कोणाच्या गावी विहीर आटलेली असते, कोणाच्या घरी पेरणीसाठी बियाण्याला पैसे नसतात. हे विषय साध्या वाक्यांत यावेत आणि प्रत्येक विषयानंतर सर्वांनी म्हणावयाचे एक छोटे उत्तर ठरवावे, जसे “प्रभू, आमची प्रार्थना ऐक.” घरगुती दुःखाचा विषय असेल तर मुलाची परवानगी घेतल्याशिवाय त्याचे नाव उच्चारू नये.

घरच्या बोलीत प्रार्थना करण्यास मोकळीक द्यावी, ही माझी विशेष विनंती आहे. पारोळ्याकडचा एक मुलगा तीन दिवस शिबिरात कोणाशी धड बोलला नव्हता. चौथ्या संध्याकाळी, “आपापल्या भाषेत एकेक वाक्य देवाला सांगा,” असे सांगून गट शांत उभा राहिला. बराच वेळ कोणी बोलले नाही. सूत्रसंचालन करणारी ताई घाईने पुढचे गीत सांगणार इतक्यात मागून आवाज आला, “देवा, मन्ही मायले बरं कर.” त्यानंतर पावरीत, मावचीत, हिंदीत वाक्ये येत राहिली. त्या ताईने आणखी दहा सेकंद धीर धरला, म्हणून हे घडले; शांततेची भीती बाळगू नये, ती वहीतल्या क्रमात ‘एक मिनिट’ म्हणून लिहूनच ठेवावी.

प्रभूची प्रार्थना सर्वांना पाठ असते, तरी निरनिराळ्या मंडळ्यांत तिचे शब्द थोडे वेगळे असतात आणि मधल्या ओळींवर गोंधळ होतो. एकच पाठ कागदावर लिहून समोर लावला की हा प्रश्न सुटतो. हात वर करणे, टाळ्या वाजवणे, मोठ्याने एकत्र प्रार्थना करणे यांविषयीही मंडळ्यांच्या सवयी वेगळ्या आहेत. “ज्यांना वाटेल त्यांनी करावे” असे म्हणावे, कोणालाही भाग पाडू नये.

सहावी पायरी: प्रत्यक्ष उपासना

आदल्या दिवशी संपूर्ण क्रम एकदा उभ्याने करून पाहावा. कोण कोठून उठतो, शास्त्र कोणाच्या हातात आहे, पेटीकडे खूण कोण करतो, सगळे. सकाळच्या उपासनेत मुलांची पाठ सूर्याकडे असावी आणि ऊन तुमच्या डोळ्यांवर यावे. सतरंज्या अंथरण्यापूर्वी झटकाव्यात, कारण उन्हाळ्यात विंचू निघतात. संध्याकाळी दिवा तुमच्या डोक्यावर न लावता बाजूला लावावा, म्हणजे किडे तोंडासमोर घोंगावत नाहीत. वाचणाऱ्याच्या खिशात विजेरी असावी. वीज गेली तर थांबू नये. चालू गीताचे ध्रुपद पुन्हा पुन्हा म्हणत राहावे, तोवर कंदील किंवा विजेरी येते.

सुरुवात चुकली तर गीत थांबवून “पुन्हा आरंभ करू या” एवढेच म्हणावे आणि षड्ज पुन्हा घ्यावा. लांबलचक क्षमा मागितल्याने सर्वांचे लक्ष देवाकडून तुमच्याकडे वळते. दोन गीतांच्या मध्ये छोटे संदेश देऊ नयेत. संदेश देणारे पाळक बसलेले आहेत, आणि तुमचे एक तयार केलेले वाक्य पुरेसे आहे.

उपासनेत किंवा संदेशानंतर एखादे मूल रडू लागेल, कोणी “माझ्यासाठी प्रार्थना करा” म्हणून जवळ येईल. प्रार्थना जरूर करावी, पण सर्वांना दिसेल अशा जागी आणि शिबिराच्या एखाद्या जबाबदार मोठ्या व्यक्तीला सोबत घेऊन करावी. बंद खोलीत किंवा अंधारात मुलाबरोबर एकटे बसू नये. मुलाने कोणी त्रास दिल्याचे किंवा अंगाला हात लावल्याचे सांगितले, तर ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. 18 वर्षांखालील मुलांच्या बाबतीत 2012 च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने, म्हणजे पॉक्सोने, अशी गोष्ट पोलिसांना कळवणे बंधनकारक केले आहे. त्याच तासाला शिबिरप्रमुखांकडे जावे, आणि त्यांनी चालढकल केली तर मुलांसाठीच्या 1098 या क्रमांकावर स्वतः फोन करावा.

उपासनेनंतर

नाश्त्यानंतर गटाने पाळकसाहेबांबरोबर पंधरा मिनिटे बसावे. मागच्या ओळीत बसलेल्या सोबत्याला प्रथम बोलू द्यावे: कोणत्या ओळीला मुलांचे आवाज थांबले, कोणता शब्द कोणाला कळला नाही, कोणते गीत ती आता नळावर बादली भरताना गुणगुणत आहेत. ते सर्व वहीत लिहावे, प्रत्येक गीतापुढे पट्टी दुरुस्त करावी, आणि वही दुपारपर्यंत उद्याच्या गटाकडे द्यावी. वहीतल्या त्या दिवसाच्या नोंदीच्या शेवटी एका मुलाचे किंवा मुलीचे नाव असावे, जे आज मागे बसले होते आणि उद्या शास्त्रवाचन करील. त्या मुलाला वचन आजच शोधून द्यावे आणि संध्याकाळी कडुनिंबाखाली बसवून दोनदा मोठ्याने वाचून घ्यावे.